गोळीबार चौकातला फळा

पंक्चरच्या दुकानाबाहेर, कडुनिंबाला टांगलेला
पराते काकांचा फळा.
हातमाग होता तोवर सुताचा हिशेब असायचा त्यावर.
आता रोज सकाळी एकच बातमी, तीही चांगली :
"चिली देशात बसवाल्याने बस मागे वळवली.
एका आजीची छत्री राहिली होती."
आम्ही ब्रेक दाबून वाचायचो.
चिली कुठे आली, कोणाला ठाऊक;
छत्री मात्र ज्याची त्याला दिसायची.

मे महिन्यात एकदा, पारा सेहेचाळीस,
फळ्यावर फक्त : "आज बातमी नाही."
"काऊन जी?"
"तीन पेपर चाळले, बाप्पा. नाही सापडली."
आणि शटर अर्धं ओढून काका आत आडवे झाले.

दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं
तेव्हा कोणीतरी खाली लिहिलं :
"मेयोत सून सुखरूप सुटली. रक्त अनोळखी पोराने दिलं."
मग दुसरं अक्षर, वाकडं :
"वरच्या नंदनवारनं आमच्याबी कुलरात पाणी भरलं."
त्याखाली, फळ्याच्या पार कडेला, लहान हात :
"काळूला तीन पील्लं झाली."
खडू संपला तर विटेच्या तुकड्याने.
मीही लिहिलं. काय, ते सांगत नाही.

ऊन कलल्यावर काका बाहेर आले,
चष्मा सदऱ्याला पुसला,
ओठ हलवत सगळं वाचलं, दोनदा.
काही बोलले नाहीत.
ओल्या बोटाने पिल्लांची दुसरी वेलांटी पुसली,
पहिली काढली,
आणि दारात थांबलेली सायकल
उलटी केली.