तीनशे चोपन्न

त्याला अंगरखा नाही.
विषाणूला असतो, प्रथिनाचा, मापाने शिवलेला.
याला तेवढंही नाही.
एक उघडा धागा,
टोकं एकमेकांत मिळून गेलेला,
तीनशे चोपन्न अक्षरांचा.
मी मोजली आहेत. म्हणजे मोजली यंत्राने,
मी कागद पाहिला
शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत, दुपारी,
पंखा बंद करून,
कारण पंख्याने वाळक्या पानांचा चुरा उडतो.

चारच मुळाक्षरं, उलटसुलट,
आणि सगळ्यात मिळून एक ओळ नाही
जी वाचून पेशीला काही घडवता यावं.
अर्थच नाही.
तरी पेशी ते उतरवून घेत राहते,
बाकावर उभं केलेल्या पोरासारखी,
शंभरदा, हजारदा,
स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून.

मैनुद्दीन मुलाणी उरुळी कांचनहून आले होते,
ओल्या वर्तमानपत्रात शेवंतीच्या फांद्या.
"पाणी तेच, शेणखत तेच,
झाड गुडघ्याच्या वर येईना, मॅडम."
खुर्चीच्या कडेवर बसून सांगत राहिले.
तीन वर्षांमागे एका वाफ्यात
एक झाड सगळ्यांच्या आधी फुललं.
नऊ दिवस आधी.
बुटकं होतं, रंगाला जरा फिकं,
पण मार्केट यार्डात तेव्हा शेवंतीच नव्हती;
आडत्याने घासाघीस केली नाही,
वर चहा पाजला.
मग त्या झाडाला त्यांनी विहिरीजवळ जागा दिली,
वरून हिरवी जाळी, वेगळं पाणी.
घरात त्याला 'लाडकी' म्हणायचे.
आणि तिचेच शेंडे खुडून खुडून
पुढच्या साली तीन एकर लावले.

चाकू बरोबर आणला होता.
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
पातं झिजून निम्मं उरलेलं.
"गंज धरू दिला नाही कधी," म्हणाले.

अहवालात एक रकाना असतो: प्रसार कशाने.
तिथे मी मावा लिहिते, पांढरी माशी लिहिते,
फुलकिडे तर इतक्यांदा लिहिलेत
की हात आपोआप वळतो.
आज पेन कागदाला टेकवून ठेवलं
तर शाईचा ठिपका मोठा होत गेला.
शेवटी लिहिलं, अवजारे.
अनेकवचनात बरं पडतं.

"म्हणजे हे जिवंत असतं का?"
तसं म्हणता येत नाही, मी म्हटलं.
"मग मारायचं कसं?"

हा प्रश्न मला एमएस्सीच्या तोंडीत कुणी विचारला नव्हता.
मी म्हटलं, दर झाडानंतर पातं ब्लीचमध्ये बुडवा.
"उकळलं तर?"
उकळून भागत नाही.
शेत उपटा, जाळा, हंगामभर तिथे शेवंती नको,
नवी रोपं आम्ही देऊ,
शेंड्याच्या टोकावरचा मोहरीएवढाही नाही इतका कण
काचेच्या बाटलीत वाढवून,
कारण तिथवर ते बहुधा पोचलेलं नसतं.
'बहुधा' मी हळू म्हटलं.

ते हिशेब करत होते, बोटांच्या पेरांवर.
दसऱ्याला अठरा दिवस.
"आणि विहिरीजवळची?"
मी फांद्यांवर नंबर घालायला घेतले.

संध्याकाळी बसलेय तर लक्षात येतं,
त्याची अक्षरं मी केव्हाच ओलांडली,
मुलाणींचं नाव येण्याच्याही आधी बहुतेक.
इतक्या शब्दांत मला
एका माणसाला समोरासमोर सांगता आलं नाही
की मामा, तुमचा हात.
आणि त्याने एकही शब्द नसताना
तीन एकर गुडघ्याखाली आणलं.

जाताना दाराशी थांबले होते.
कागद घडी करून टोपीत खोचला,
ब्लीच कुठे मिळतं विचारलं, मंडईत की औषधाच्या दुकानात,
मग चाकू पिशवीत टाकायच्या आधी
सवयीने
सदऱ्याला पुसला.