आदली रात्र

साडेआठपर्यंत डेस्कला तीनशे शब्द द्यायचेत.
उद्या गोदाकाठ चषकाची फायनल, परभणीत,
जिंतूर रोड इलेव्हन विरुद्ध नांदेडचा देगलूर नाका.
मी लिहितो, ‘यजमानांची भिस्त बचावफळीवर राहील’,
आणि आतून अर्हंतचा आवाज येईनासा होतो.

लेकरं ओरडत असली की घर सुखरूप असतं.
आवाज थांबला की समजावं,
कशाचं तरी झाकण उघडलंय.

संबोधी दारात येऊन वर्दी देते,
‘पप्पा, त्यानं तुमची चप्पल फ्रिजमदी ठेवली.
तापली होती म्हणे.’
मे महिना, बाहेर त्रेचाळीस.
पोराच्या म्हणण्यात मला चूक सापडत नाही.
मी पुढं लिहितो.

जमील, गोलरक्षक. दिवसा पंक्चर काढतो.
उजवा खांदा दोन वर्षांमागं निखळलेला,
म्हणून पेनल्टीला तो डावीकडंच झेपावतो.
हे नांदेडला ठाऊक आहे,
नांदेडला ठाऊक आहे हे जमीलला ठाऊक आहे,
आता ह्याच्यावर मी काय डोंबल लिहावं?
तिकडं हरज्योतसिंग, डावखुऱ्या पायाचा,
कोपऱ्यावरून चेंडू असा वळवतो
की लाइन्समनची मान अवघडते.
आणि आपला कप्तान मन्मथ, स्टॉपर.
त्याच्यासाठी मी जपून ठेवलेले दोन शब्द काढतो :
‘अभेद्य भिंत’.

‘पप्पा, अर्हंतच्या नाकात तुरीची डाळ गेली.’
‘किती?’
‘एकच. दुसऱ्या भोकात नाही, मी बघितलं.’

प्रज्ञा लातूरच्या गाडीवर ड्युटीला.
फोनमध्ये घंटी वाजते, कुणीतरी सुट्टे मागतंय,
त्या गलक्यात ती सांगते,
‘बोट घालू नको. दवाखान्यात ने.
आणि हिला घरी एकटी ठेवू नको.’
मग स्कूटरवर आम्ही तिघं,
पुढं उभा अर्हंत, अजिबात न रडता,
प्रत्येक स्पीडब्रेकरला ‘परत’ म्हणणारा.

बालरुग्णालयात बाकावर मन्मथ.
मांडीवर पोरगी, कपाळावर ओला रुमाल,
खांद्यावर लाळेचा नकाशा.
‘एकशे तीन,’ तो म्हणाला.
‘परवापासून डोळा लागला नाही, सर.’
मग माझ्या खिशातल्या पेनाकडं बघत,
‘लिहू नका बरं का.
नांदेडवाले पेपर वाचतेत.’

डॉक्टर चिमटा घेऊन वाकले.
अर्हंतनं डॉक्टरांकडं पाहिलं,
वरच्या ट्यूबलाइटकडं पाहिलं,
आणि शिंकला.
डाळ उडाली ती थेट मन्मथच्या गुडघ्यावर.

त्याची पोरगी हसली.
थोडंच, ताप असल्यावर हसतात तेवढं.
मन्मथनं डाळ दोन बोटांत उचलली,
उजेडात धरून बघितली
आणि शर्टाच्या खिशात टाकली.
का, ते मी विचारलं नाही.

घरी यायला दहा वाजून गेले.
डेस्कचे सात मिस्ड कॉल.
‘अभेद्य भिंत’ खोडलं,
‘अनुभवी’ लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी नुसतं नाव ठेवलं,
मन्मथ कल्याणकस्तुरे, जर्सी क्रमांक चार.

उपसंपादक म्हणाला, ‘आणि अंदाज?
जिंकणार कोण? लोक तेच वाचतात.’
संबोधी झोपेत माझ्या बरगडीत लाथ मारत होती,
अर्हंत आडवा, पाय माझ्या उशीवर,
नाक एकदम मोकळं, घोरत.
मी म्हणालो, ‘लिही, चुरशीचा होईल.’
‘हे तर मागच्या वर्षीही होतं.’
‘मग? झाला नव्हता का?’

बारा वाजता लाईट गेली.
फरशी अजून दुपारसारखी भाजत होती.
पाणी घ्यायला फ्रिज उघडला,
अंधारात हाताला चप्पल लागली.
पायात घातली.

पोरगं बरोबर होतं.