तुटलेला ळ

शीख मोहल्ल्यात, लस्सीवाल्याच्या वरच्या मजल्यावर
पळशीकर टायपिंग इन्स्टिट्यूट.
बावीस रेमिंग्टन, बावीस स्टुलं,
आणि सकाळी सात ते रात्री नऊ
गारपीट.
सुधन्वा त्या गारपिटीत वाढला. आई सांगायची,
तान्हा असताना तो दोन बॅचच्या मधल्या शांततेत
दचकून रडायचा.

ड्रम शिकवला महूच्या छावणीतल्या डिमेलो मास्तरांनी.
एक डोळा काचेचा, दारू उधारीची.
दर रविवारी छोट्या गाडीनं जायचा सुधन्वा,
मांडीवर उशी, उशीवर काठ्या.
वर्षभर मास्तरांनी ड्रमला हात लावू दिला नाही.
"आधी थांबायला शीक. मारता काय,
गाढवालाही येतं."

मग आम्ही चौघं. बँडचं नाव चौथी शिफ्ट.
तीन गिरणीच्या, उरलेली आमची.
मी गायचो. मी देखणा होतो, हे सांगायला हवं,
कारण लोकांना वाटायचं गाणी माझीच.
गाणी मागे बसलेल्याची होती,
झांजांच्या आड, घामानं चष्मा घसरलेल्याची.

तो लिहायचा सात नंबरच्या मशीनवर.
तिचा ळ तुटला होता.
हिंदीच्या परीक्षेत कोण विचारतो ळ, म्हणत
वडिलांनी बारा रुपये वाचवले.
सुधन्वा तेवढी जागा सोडून पुढे जायचा.
मा — वा.
आभा — .
वे — झाली, चल.
पहिला कागद हातात आला तेव्हा मी अडखळलो,
आणि त्यानं मागून, नेमकी त्या भोकात,
स्नेअरवर एक दिली.
"असंच गा," म्हणाला. "तिथं तू गप्प.
ते माझं अक्षर."

अनंत चतुर्दशीला, झांक्यांच्या रात्री,
जेल रोडच्या कोपऱ्यावर ट्रॉलीत चढून वाजवलं.
"भिया, कुछ फिल्मी हो जाए!"
शेंगदाणे आले, एक चप्पल आली.
एका म्हाताऱ्या गिरणीवाल्यानं मात्र
डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,
"ते मध्ये मध्ये ठोकता,
कुणाचं नाव आहे का?"
त्या रात्री सराफ्यात
भुट्ट्याचा कीस खाता खाता सुधन्वा रडला.
तिखट लागलं म्हणाला.

मुंबईहून कंपनीचा माणूस आला. मला एकट्याला घेऊन गेला.
मी गेलो. हे लपवत नाही.
तिथल्या गाण्यांत सगळे ळ जागच्या जागी,
आणि श्वास कुठे घ्यायचा ते मला कळेना.
दोन वर्षांनी परत. विम्याचा एजंट.

त्यानं स्वतःच कॅसेट काढली. पाचशे.
चारशे दहा अजून माळ्यावर आहेत.
मग लग्नांतला ऑर्केस्ट्रा, मग एका शाळेची परेड,
मग कॉम्प्युटर आले, मशीनं किलोच्या भावानं गेली;
सात नंबर त्यानं पोत्यातून परत काढली.
मग कान.
दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, तरी पोस्टानं कार्ड आलं:
"कानात रात्रंदिवस शी — वाजते."
मी हसलो.
मग कार्ड पुन्हा वाचलं.

परवा त्याची मुलगी ऋजुता फाइल देऊन गेली.
पुस्तक काढायचं म्हणते.
"रिकाम्या जागा तुम्ही भरा काका,
बाबांनी कुठे काय सोडलंय, तुम्हालाच ठाऊक."

पेन उघडून बसलो.
पहिल्याच पानावर, मधोमध:
सुधन्वा प — शीकर.

टोपण लावलं.
बोटानं टेबलावर एक दिली.

आतून बायको म्हणाली,
"बघा हो, दारात कोण आलंय?"