रोज दीड तांब्या

सकाळी बॉनेट उघडते
तर रेडिएटर पुन्हा दीड तांब्या रिता.
खाली जमीन कोरडी.
रात्री पसरलेल्या वर्तमानपत्रावर
पालीची एक लेंडी, बाकी बातम्या जशाच्या तशा.

पस्तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेत
मी पाण्याचे हिशेब लिहिले.
टाकीतून सुटलेलं, मीटरांत मोजलेलं,
आणि मधलं जे कुणाच्याच नावावर नाही
त्यासाठी शेवटचा रकाना: गळती.
तिथे आकडा टाकायचे आणि पान उलटायचे.
आता घरची एकच टाकी, चार चाकांवरची,
एकोणीसशे छप्पनची डुक्कर फियाट,
आणि तो रकाना भरताना हात अडतो.

सल्ले फुकट होते.
औषधवाले केळुसकर म्हणाले, मूठभर हळद सोडा, भोक बुजतं.
शेजारच्या तेंडोलकरांनी अंड्यातलं पांढरं सुचवलं,
स्वतः माळकरी असून.
मी म्हटलं, जखम कुठे ते कळल्याशिवाय
हळद लावू कुणाला?

दाभोली नाक्यावर बस्त्यांव डिसोजा.
ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा ओढली:
काळंच, ताकासारखं फेसाळ नाही. म्हणजे गॅस्केट शाबूत.
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून हुंगला.
झाकणाचं रबर नखाने दाबलं, बदललं.
होज पिकल्या पपईसारखे मऊ, तेही बदलले.
पंपाच्या पोटाखाली बोट फिरवलं, सुकं.
नऊशे ऐंशी रुपये, आणि दुसऱ्या सकाळी
दीड तांब्या.
"इंजिन पिता की काय?" तो स्वतःलाच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गाडी तापवून आम्ही दोघं वाकलो,
टॉर्च, त्याचा दाढीचा आरसा.
काटा चढला. थेंब नाही, वाफ नाही,
फक्त एक वास,
तापल्या तव्यावर ओला हात फिरावा तसा.

बाकावर सत्यभामा रेडकर बसलेली,
शिरोड्याची, मुलाच्या टेंपोचं पंक्चर निघेपर्यंत.
मिठागरात उभं राहून
पायांच्या भेगा कायमच्या पांढऱ्या झालेल्या.
ती उठली, लुगडं खोचलं,
बस्त्यांवच्या हातातला आरसा जरा डावीकडे कलता केला.
"थंय बघ. मीठ धरलाहा."

एक्झॉस्टच्या मागे, ब्लॉकच्या कुशीत
रुपयाएवढी पत्र्याची टिकली,
तिच्या कडेने केसाएवढी पांढरी रेघ,
खाली भुरकट होत गेलेली.
थेंब यायचा, पण लोखंड इतकं तापलेलं
की जमीन त्याला कधी दिसलीच नाही.

"पाणी खंयचा घालतास?"
आमच्या विहिरीचं, मी म्हटलं.
वैशाखात त्याला खाडीची चव येते, चहा नासतो,
गाडीला काय कळतंय, असं मला वाटलेलं.
ती हसली नाही.
"आमी ह्याच करतों. कोंडीत पाणी घेतों, उन्हात सोडतों.
तुमी इंजिनात केलास."

बस्त्यांवने छिन्नी लावली. जुनी टिकली निघाली
पाठीमागून कुरतडलेली, बिस्किटासारखी,
आणि तिच्यामागून भडभडून गाळ,
चिरेखाणीत साचलेल्या पाण्याच्या रंगाचा.
पाइप लावून तो धूत राहिला,
नितळ येईपर्यंत, जेवणाची वेळ टळेपर्यंत.
मग नवी पितळेची टिकली, कडेला शेलॅक,
श्वास रोखून एकच ठोका.
अर्धं हिरवं कूलंट, अर्धं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी.
विहिरीचं नाव काढायचं नाही, असं बजावलं मला.
वर पाहिलं तेव्हा टेंपो निघून गेला होता.
तिचे आभार राहिले.

आज सकाळी पाणी काठोकाठ.
सवयीने मी भरला तांब्या घेऊन उभी होते,
आता याचं काय करू, म्हणून अबोलीला ओतला.
मग आठवलं पाणी कुठलं ते.
खाली बसले,
आणि एकेका पानाची कड
उलटून पाहू लागले.