कळ

राजारामपुरीत, पाचव्या गल्लीच्या तोंडाला
इलाही मुल्लाणीचं दुकान. काचेवर दोन मोबाईल,
दोन्ही वापरलेले, दोन्ही साडेसात हजार.
एकाचा कीबोर्ड ड्रॉवरसारखा पोटातनं बाहेर सरकायचा.
दुसऱ्याचा पडदा मान वळवावी तसा आडवा फिरायचा
आणि खाली बटणं दिसायची, मक्याच्या दाण्यांसारखी.

मी उद्यमनगरात लेथवर.
कुणाचंही काम हातात आलं की आधी ढिलेपणा मोजायचा,
ही खोड.
सरकणारा एक नंबर. सूतभर प्ले नाही.
"आणि आवाज बघ की भावा," इलाही म्हणाला. टिक्.
मी पण मान डोलावली. टिक्. लई भारी.
फिरणाऱ्याची पिन घासलेली,
शेवटाला तो खडकन आदळायचा.
असला जॉब मी कुणाचा पास केला नसता.

मोबाईल आक्काला घ्यायचा होता.
आक्काला जन्मापासून ऐकू येत नाही.

ती बराच वेळ आमच्या ओठांकडे बघत होती,
मग कंटाळून ट्यूबलाइटकडे.

हुपरीत ती पैंजणाची घुंगरं जुळवते.
प्रत्येकात बारीक दाणा टाकायचा, तोंड मिटवायचं,
चिमटीत धरून एकदा हलवायचं.
ज्याचा दाणा डागात अडकला, ते बाजूला.
पेढीवरचे लोक कानाशी नेऊन बघतात.
त्यांचं कधीतरी चुकतं.

तिनं सरकणारा उघडला, मिटला,
पाणी पिऊन भांडं द्यावं तसा इलाहीला परत दिला.
दुसरा घेतला. फिरवला.
पुन्हा फिरवला, डोळे मिटून.
मग जबड्याच्या हाडाला लावला
आणि तिसऱ्यांदा.

मी खुणेनं सांगितलं: हा सैल आहे.
तिनं खुणेनं सांगितलं: म्हणून तर.

इलाहीनं दोनशे कमी केले,
तक्रार चालणार नाही म्हणाला.

मूकबधिर शाळेत ती टायपिंग शिकली होती.
तिथले मास्तर बटणाला कळ म्हणायचे,
ती अजून तेच म्हणते.
महिनाभर मेसेज येत राहिले, इंग्रजी अक्षरांत मराठी:
जेवलास का. लाइट गेलीय. पोरगी पास.
शेजारणीनं माझी कढई अजून दिली नाही.
तिशी उलटली माझी,
आक्का एवढी बोलते हे मला माहीतच नव्हतं.

मार्चात एका रात्री, पावणेअकराला:
के ए एल. जागा. जी ई एल आय.

काल गेली? कोण? सासू आजारी होती तिची.
कळ गेली? म्हणजे आधी आली होती. कुठं? पोटात?
उलट विचारलं. उत्तर नाही.
पुन्हा विचारलं.
गाडीला किक मारली,
अठरा-वीस किलोमीटर, पुढं उसाच्या ट्रॉल्या,
मागं दिवा नसलेल्या,
आणि डोक्यात ती तीन अक्षरं,
त्यांच्यावर काना द्यावा की न द्यावा.

दार सासूनंच उघडलं, पदर सावरत.
आत आक्का जमिनीवर पालथी,
कपाटाखाली खांद्यापर्यंत हात घातलेला.
उठली, मला बघून दचकली, आणि तळहात उघडला.

डाळीएवढी, काळी. झेड.
कळ गेली होती. निसटून.

सासूनं पाणी दिलं. मी बराच वेळ पीत होतो.
मग म्हणालो, पितळेची करून देतो, कायमची,
दहा मिनिटांचं काम.
आक्कानं मान हलवली. ती कळ तिनं
घुंगरांच्या दाण्यांच्या डबीत टाकली, झाकण लावलं.
झेडचं तिला काम तरी कितीसं.

तेव्हापासून साडेदहाच्या सुमाराला
खिशात थरथरतं. तेलाचा हात पुसून मी वाचतो:

जोप आता.