संदर्भाचा स्क्रू

तिसा नदीपासून दोन गल्ल्या आत, सेगेदमध्ये,
तळघरातल्या चौथ्या खोलीत
मी तांब्याच्या जाळीचा पिंजरा शिवते.
उंदराला त्याचा पिंजरा आहेच.
हा शहरासाठी: शहर आत येऊ नये म्हणून.

कारण मेंदूतला एक ठोका
मिलिव्होल्टचा दहावा हिस्सा भरला
तरी आम्ही खूश.
तो हजारपट करायचा, तर बाकी सगळंच हजारपट होतं:
वरच्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट,
वळणावर घासत जाणारी ट्राम,
ट्यूबलाइटची पन्नास हर्ट्झची गुणगुण,
माझा हात, नुसता तारेजवळ नेला तरी.

बाबांना जानेवारीत कानाचं यंत्र बसवलं.
तिसऱ्या दिवशी त्यांनी ते काढून साखरेच्या डब्यात ठेवलं.
म्हणाले, "एमोके, चमचे मोठे झालेत.
माणसं होती तेवढीच आहेत."
मी हसले नाही.
मला पगार मिळतो तो याचाच:
चमचे लहान करायचे.

या खेपेला अकरा दिवस खरखर जाईना.
सगळे डाग पुन्हा दिले. बॅटऱ्या बदलल्या.
कोर्नेल रोज दारातून डोकावायचा,
कॉफीचा कप हातात, प्रश्न न विचारता,
जो विचारण्यापेक्षा वाईट.

उंदराच्या कवटीत, मागच्या बाजूला, एक स्क्रू असतो,
तांदळाच्या दाण्याहून लहान.
त्याच्याखाली काही ऐकायचं नसतं.
तो नुसता असतो, म्हणून बाकीच्या तारांना
कशापासून मोजायचं ते कळतं.
एकट्या तारेला व्होल्टेज नसतं.
दोन जागा लागतात, आणि त्यांच्यातला फरक.
शिकाऊ पोरांना मी हे दरवर्षी सांगते,
ती वहीत उतरवतात आणि विसरतात.
मीही विसरले होते.
अर्धा आटा सैल होता.

त्या रात्री स्पीकर लावला.
आधी नुसती वाफ. मग
झाकणाखाली मक्याची पहिली लाही फुटावी
तसं एक टक्.
मग दोन. मग काहीच नाही,
मी श्वास धरून.
उंदीर झोपला होता,
शेपटी अंगाखाली, एक कान दुमडलेला,
डोक्यावर दातांच्या सिमेंटचं टेंगूळ
आणि त्यातून निघालेल्या सोळा तारा.
दुपारी जो बोळ त्याने चार सेकंदांत पार केला होता,
टोकाच्या चॉकलेट-दुधापर्यंत,
तोच बोळ तो झोपेत धावत होता,
एका चुटकीत. पुन्हा. पुन्हा.
एकदा तर उलटा, दुधापासून दारापर्यंत.

कोर्नेल म्हणाला, "सुंदर."
मी म्हटलं, "शांत."
दोघंही स्क्रीनकडे बघत होतो
आणि एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हतो.

परवान्यावर तारीख असते.
औषध मी देत नाही. माझ्याकडे फक्त बटण.
ते दाबायला मी उशीर केला.
ठोके विरळ झाले, मग एकच चॅनेल,
मग तोही गेला.
रेघ मात्र सपाट झाली नाही.
अँप्लिफायरला स्वतःची एक सळसळ असते,
कितीही मन लावून बांधा;
तार उबदार आहे तोवर ती राहतेच.
सोळाही चॅनेलवर तीच.
मोजली. वहीत लिहिली: साडेतीन मायक्रोव्होल्ट.
स्क्रू स्पिरिटमध्ये टाकला, पुढच्यासाठी.

घरी बाबा माशाचं सूप पीत होते,
चमचा ताटलीवर आपटत, खुशाल.
चहासाठी मी साखरेचा डबा उघडला.
आत यंत्र चालूच राहिलेलं,
साखरेला कान लावून,
स्वतःचाच आवाज पकडून
बारीक शिट्टी घालत.
बाबांना अर्थातच ती ऐकू येत नव्हती.