फलाट रिकामा ठेवावा लागतो

मॅडमनी टेबलावर तीन खुंट्या ठेवल्या.
पहिलीवर तीन मणी मावतात, दुसरीवर दोन,
तिसरीवर एकच.
लाल, हिरवा, निळा. चित्रात आहेत तसे लावा,
चार चालींत. एका वेळी एकच उचलायचा.
आधी मनात हलवा, मन्मथअप्पा, मग हातानं.

मी हात आधी घातला.

बावीस वर्षं अहमदपूर आगारात ड्युटी चार्ट लावला मी.
एकोणसाठ गाड्या, ड्रायव्हरांच्या झोपा,
किनगावची मुक्कामी, कुणाच्या पोरीची हळद,
जत्रेची जादा गाडी कुठल्या गावाच्या तोंडून काढायची,
हे सगळं, खोडरबर न वापरता.
आणि आता लाल मणी बोटांत धरून
आठवेना, कुठून उचलला.

घड्याळ बंद केल्याचा आवाज बारीक असतो.
मॅडम काही बोलल्या नाहीत. लिहिलं.

मग म्हणाल्या, क वरून शब्द सांगा, एक मिनिट.
गावांची नावं नकोत, माणसांचीही नकोत.
आता आली का पंचाईत.
कंधार, म्हटलं. चुकलो. केज. कळंब.
काजळ हिप्परगा.
तोंड उघडलं की गाडीच लागत होती फलाटाला.
कुलूप, म्हटलं एकदा. कात्री.
उरलेला वेळ मी माझ्याच जिभेला
थांबा नसलेल्या जागी थांबवत बसलो.

पहिल्यांदा झालं तेव्हा माईक हातात होता.
लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी,
इथपर्यंत सगळ्या स्टँडनं ऐकलं.
पुढचं दीड मिनिट नुसती खरखर,
आणि मी म्हणे शर्टाचं बटण चोळत होतो,
डोळे उघडे, ओठ काहीतरी चाखल्यासारखे.
फेफरं म्हणजे तोंडाला फेस, नाकाला कांदा,
एवढंच ठाऊक होतं मला.
असं बिनआवाजाचंही असतं, हे लातूरला येऊन कळलं.
गाडी गेली. लोक विचारत राहिले, कुठल्या फलाटाला.

त्यानंतर खिडकी गेली, मग चार्ट गेला.
आता पार्सलच्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवतो.
साहेब म्हणतात, डोक्याला ताण नको.
ताणच नाही हो, हीच तर तक्रार आहे,
असं अर्शिया मॅडमना सांगितलं. तेही लिहिलं त्यांनी.

शेवटी पुन्हा मणी. पाच चाली.
या वेळी हात मांडीखाली दाबून ठेवला.
निळ्याला म्हटलं, तू मुक्कामी, हलू नको.
लाल, तुला लोह्याला जायचंय, पण वाट अडलीय.
हिरवी आधी बाजूला काढावी लागेल,
आणि तिथं एकीपुरतीच जागा.
म्हणजे ती येईस्तोवर तो फलाट
कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी द्यायचा नाही.
हेच तर करत होतो मी बावीस वर्षं,
एक फलाट रिकामा ठेवणं, शिव्या खात.

लागले. पाचातच लागले.
घड्याळ मात्र केव्हाच थांबलेलं.
काय लिहिलं, विचारलं. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला.
वेळेनंतर, बरोबर.
पास-नापास यात नसतं म्हणाल्या.
असू दे. एसटीतही उशिरा पोचलेली गाडी
रद्द धरत नाहीत, उशिराच धरतात.

लातूरच्या स्टँडवर महानंदानं पट्टी काढली,
संध्याकाळची आहे, बिस्किटावर घ्या म्हणाली.
भोंग्यावर कुणी पोरगा बोलत होता,
चाकूरमार्गे अहमदपूरला जाणारी
आणि थांबला.
तिचा हात झटकन माझ्या मनगटावर.
वाकून डोळे बघितले माझे.
अगं, म्हटलं, मी नाही. तो थांबलाय.

मग आम्ही दोघंही वर भोंग्याकडं बघत उभे राहिलो,
त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर.